फूटवेल एलईडी, घरगुती जुळणी: प्रकल्प नोंदी, एप्रिल ते जुलै २०२५

काम काय आहे

पुढे दोन आणि मागे दोन अशा चारही फूटवेलमध्ये, म्हणजे पाय ठेवायच्या जागी, वॉर्म व्हाइट एलईडी पट्ट्या बसवायच्या. दार उघडलं की त्या छतातल्या दिव्याबरोबर पेटाव्यात आणि त्याच्यासारख्याच मंद होत विझाव्यात. पार्किंग लाइट लावले की अगदी अंधुक चालू राहाव्यात. रिमोट, सोळा रंग आणि गाण्याच्या ठेक्यावर लुकलुकणं यांतलं काही नको.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे-दारं सांभाळणारा कंट्रोलर) असलेली. मॉडेल मुद्दाम दिलेलं नाही. वायरचे रंग लिहून ठेवले की पुढचा माणूस मल्टिमीटर न लावता तोच रंग सोलायला घेतो, आणि एकाच मॉडेलच्या दोन ट्रिममध्ये (व्हेरिएंटमध्ये) हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, वेगळा निघू शकतो. म्हणून खाली वायर ओळखायची रीत दिली आहे, रंग नाहीत.

५ एप्रिल, शनिवार. आधी मोजमाप

पट्टी विकत घेण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. छताचा दिवा कोणत्या बाजूने चालू-बंद होतो आणि गाडीत प्रत्यक्षात किती व्होल्ट असतात.

छताच्या दिव्याची काच पातळ प्लास्टिकच्या पट्टीने काढली. स्क्रू ड्रायव्हर वापरला तर कडेला पांढरा ओरखडा राहतो. बटण मधल्या, म्हणजे दाराच्या, स्थितीत ठेवून मीटरची काळी पिन बॉडीला लावली. एका टोकाला दार उघडं असो की बंद, १२.५ व्होल्ट. दुसऱ्या टोकाला दार बंद असताना १२.४ आणि उघडल्यावर ०.१. याचा अर्थ प्लस कायम आहे आणि चालू-बंद होते ती मायनस बाजू. दार लावल्यावर हा आकडा झटकन वर न जाता हळूहळू चढतो. म्हणजे बीसीएम मायनसची वेगाने उघडझाप करत दिवा मंद करतो. हे आत्ताच लक्षात घ्यायचं, पुढे याच्यावर बरंच अडतं.

बॅटरीवर इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६, चालू केल्यावर १४.३. दुकानात ‘साहेब, बारा व्होल्टचीच आहे, गाडीत बिनधास्त लावा’ असं सांगतात. चालत्या गाडीत बारा व्होल्ट नसतातच.

दार उघडं ठेवून दिलं तर बीसीएम साधारण पंधरा मिनिटांनी छताचा दिवा आपोआप बंद करतो. पट्ट्या त्याच वायरवर घेतल्या की ही बॅटरी वाचवायची सोय त्यांनाही आपसूक मिळते. सरळ दाराच्या स्विचवर घेतल्या तर मिळत नाही.

७ एप्रिल, सोमवार. खरेदी

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून:

- २८३५ एलईडीची वॉर्म व्हाइट पट्टी, मीटरला ६० एलईडी, सिलिकॉनचा थर नसलेली, ५ मीटर: २८० रुपये
- ०.५ चौरस मिलिमीटरची ऑटो वायर, लाल आणि काळी मिळून १० मीटर: १२० रुपये
- दोन पिनी कनेक्टर, पाच जोड्या: ७५ रुपये
- फ्यूज टॅप (मूळ फ्यूजच्या जागी बसून वेगळ्या फ्यूजची नवी लाइन देणारा): ९० रुपये, २ अँपिअरचे मिनी फ्यूज: २० रुपये
- रेझिस्टर, डायोड, ट्रान्झिस्टर, झीरो पीसीबीचा (भोकांच्या कोऱ्या बोर्डाचा) तुकडा: ३० रुपये
- हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी): ४० रुपये
- हार्नेसची कापडी टेप: १८० रुपये
- एलएम २५९६ चं तयार बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली आणणारं सर्किट): ८० रुपये

५०५० पट्टी मुद्दाम टाळली. ती मीटरला १४.४ वॅट घेते, ही २८३५ सुमारे ४.८ वॅट. पायाजवळ एवढा उजेड लागत नाही, आणि बीसीएमच्या छताच्या दिव्याच्या आउटपुटवर जेवढा कमी बोजा तेवढं चांगलं. ते आउटपुट साध्या बल्बच्या हिशेबाने केलेलं असतं आणि ते गेलं तर सुटं मिळत नाही, अख्खा बीसीएम बदलावा लागतो.

कापडी टेप महाग वाटते, पण काळी चिकटपट्टी डॅशबोर्डखाली वापरू नये. एका उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो, टेप सरकते आणि वायरवर काळा चिकटा राहतो.

१२ एप्रिल, शनिवार. टेबलावर चाचणी, मग गाडीत

पट्टी दर ५ सेंटिमीटरला कापता येते. त्या तुकड्यात तीन एलईडी आणि एक रेझिस्टर सीरिजमध्ये असतात. पुढच्या दोन्ही बाजूंना २५ सेंटिमीटर, म्हणजे पाच-पाच तुकडे, आणि मागे २० सेंटिमीटर, म्हणजे चार-चार. एकूण अठरा तुकडे.

२५ सेंटिमीटरची पट्टी १२ व्होल्टवर ०.१० अँपिअर घेते. इंजिन चालू करून १४.३ वर लावली तर ०.१८. व्होल्टेज एकोणीस टक्के वाढलं आणि करंट पाऊणपटीने. कारण साधं आहे. तीन एलईडी मिळून साधारण ९ व्होल्ट स्वतःकडे ठेवतात आणि उरलेलं सगळं त्या इवल्याशा रेझिस्टरवर पडतं. १२ वर त्याच्या वाट्याला ३ व्होल्ट येतात, १४.३ वर ५.३. त्याची उष्णता तिपटीहून जास्त होते. दहा मिनिटांत पट्टीवर बोट टेकवेना. गाड्यांमध्ये लावलेल्या पट्ट्यांचे तीन-तीन एलईडी एकदम का जातात किंवा लुकलुकायला का लागतात, त्याचं उत्तर बहुतेकदा इथेच असतं.

तयार तोडगे तीन आहेत. पहिला ७८१२ रेग्युलेटर. त्याला आउटपुटपेक्षा दोनेक व्होल्ट जास्त लागतात. इंजिन बंद असताना १२.४ मधून साडेदहाच्या आसपास बाहेर येतात आणि ते बॅटरीबरोबर खाली-वर होतात. दार तर बहुतेक वेळा इंजिन बंद असतानाच उघडतं. म्हणजे रेग्युलेटर असून नसल्यासारखा. बाद.

दुसरा बक कन्व्हर्टर. १०.५ व्होल्टवर लावला, टेबलावर उत्तम. गाडीत जोडल्यावर दोन भानगडी निघाल्या. दार लावल्यावर छताचा दिवा मऊपणे विझतो, पट्ट्या मात्र फडफडतात. बीसीएम मायनसची उघडझाप करत असताना कन्व्हर्टर प्रत्येक वेळी नव्याने सुरू व्हायचा प्रयत्न करतो, म्हणून. दुसरी भानगड रेडिओची. एएमवर पुणे केंद्र, ७९२ किलोहर्ट्झ, लावलं की दार उघडताच करकर सुरू. फेराइट रिंगमध्ये वायरचे चार वेढे दिले तर आवाज घटला, गेला नाही. ८० रुपये आणि अख्खी दुपार पाण्यात.

तिसरा साधा सीरिज रेझिस्टर. उद्या.

१३ एप्रिल, रविवार. रेझिस्टर

एका तुकड्याचा पट्टीवरचा रेझिस्टर १५० ओहमचा आहे. त्यावर ‘१५१’ छापलेलं असतं. पाच तुकड्यांच्या पट्टीला ५६ ओहम आणि चार तुकड्यांच्या पट्टीला ६८ ओहम सीरिजमध्ये घातला. आकडे असे निघतात: ५६ ओहममधून पाचही तुकड्यांचा करंट जातो, म्हणजे एका तुकड्याच्या दृष्टीने तो २८० ओहमचा. त्यात स्वतःचे १५० मिळवले की ४३०. मागच्या पट्टीत ६८ गुणिले चार म्हणजे २७२, अधिक १५०, म्हणजे ४२२. दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणून पुढचा आणि मागचा उजेड एकसारखा दिसतो. चारही पट्ट्यांना मिळून एकच रेझिस्टर घातला तरी चालतं, पण मग एक पट्टी सुटली की बाकीच्या तीन जास्त उजळतात.

१४.४ व्होल्टला एका तुकड्यातून १२ ते १३ मिलिअँपिअर आणि १२.४ ला ८ जातो. पूर्ण क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास. काळ्या मॅटवरही हा उजेड पुरतो. चप्पल, पडलेलं नाणं, पार्किंगची पावती, सगळं दिसतं. रेझिस्टरवर ०.२ वॅट पडतात. अर्ध्या वॅटचा चालला असता, पण हीट श्रिंकमध्ये गुंडाळायचा असल्याने १ वॅटचा घेतला. रेझिस्टर पट्टीच्या प्लस टोकाला, कनेक्टर आणि पट्टीच्या मध्ये.

सोल्डरिंगबद्दल दोन गोष्टी. पट्टीच्या तांब्यावर आधी सोल्डर चढवायचं, वायरवरही चढवायचं, मग टेकवून दोन सेकंदांत उचलायचं. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरे. जास्त वेळ धरली की तांबं पट्टीवरून सुटतं आणि तो तुकडा वाया जातो. जोडाच्या बाजूला वायर हादऱ्याने तुटू नये म्हणून सिलिकॉनचा ठिपका द्यायचा, पण तो न्यूट्रल क्युअर प्रकारचा, १६० रुपयांची ट्यूब. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन तांबं खातो. ग्लू गनचा गोंद मे महिन्यात बंद गाडीत मऊ पडतो.

१९ एप्रिल, शनिवार. फ्यूज टॅप

‘डोम’चा, म्हणजे छताच्या दिव्याचा, फ्यूज काढला आणि नवीन टॅप त्या जागी बसेना. मिनी आणि लो-प्रोफाइल मिनी फ्यूजची रुंदी सारखीच असते, पण लो-प्रोफाइलच्या पात्या आखूड असतात. आणलेला टॅप एकाचा, गाडीतला फ्यूज दुसऱ्याचा. जोर लावून बसवला तर आत सैल राहतो आणि तापतो. दुसरा टॅप, आणखी ९० रुपये. फ्यूज हातात घेऊन दुकानात जाणं सर्वात सोपं.

टॅपची दिशाही महत्त्वाची. फ्यूज काढून दोन्ही खाचा मीटरने तपासायच्या. एकीवर १२ व्होल्ट असतात, दुसरीवर नसतात. टॅपची जी पाती दोन्ही फ्यूजना सामाईक आहे ती गरम खाचेत गेली पाहिजे. उलटी बसली तरी पट्ट्या पेटतातच, पण त्यांचा करंट आधी मूळ फ्यूजमधून जातो. दिवे लागले म्हणजे बरोबर बसलं, असं इथे धरता येत नाही.

प्लस ‘डोम’च्याच फ्यूजवरून का, हे नीट सांगायला हवं. चार्जर सॉकेटच्या किंवा ॲक्सेसरीच्या लाइनवरून घेणं सोपं असतं, आणि बरेच जण तेच करतात. पण छताच्या दिव्याची मायनस आणि आपल्या पट्ट्यांची मायनस एकच झाल्यावर दोघांची प्लसही एकाच ठिकाणची हवी. किल्ली काढल्यावर ॲक्सेसरी लाइन मरते, छताच्या दिव्याची प्लस जिवंत राहते, आणि करंट छताच्या दिव्यातून उलटा येऊन पट्ट्यांच्या बाजूने त्या मेलेल्या लाइनकडे वाट शोधतो. एलईडी उलट्या दिशेने अडवतात, पण शेजारी एखादा रेझिस्टर लावलेला असेल (पुढे लावलाच आहे) तर १२ मिलिअँपिअर सतत गळत राहतात. आठवडाभर गाडी उभी राहिली की दोन अँपिअर-अवर गेले.

हा फ्यूज काढला की घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं पुसली जातात. आधी लिहून ठेवा.

२० एप्रिल, रविवार. मायनस वायर शोधणं आणि जोडणं

बॅटरीची मायनस काढून थोडा वेळ थांबूनच डॅशबोर्डखाली हात घातला. पिवळं आवरण किंवा पिवळे कनेक्टर एअरबॅगचे. त्यांना मीटरही लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर नाहीच. छताकडून खाली येणारी वायर ए-पिलरच्या (समोरच्या काचेच्या कडेच्या खांबाच्या) प्लास्टिकमागे असते, पण पडदा एअरबॅग असलेल्या गाडीत ते प्लास्टिक उघडू नये. म्हणून वायर खालीच, बीसीएमच्या कनेक्टरवर शोधली.

रीत: छताच्या दिव्याचा कनेक्टर काढून त्याच्या मायनस पिनला तीन मीटरची लांब वायर लावायची आणि मीटर कंटिन्युइटीवर (वायर सलग असली की बीप वाजतो) ठेवून बीसीएमच्या कनेक्टरच्या मागून एकेक पिन चाचपायची. टोकदार पिन मागून, वायरच्या बाजूने घालायची, समोरून नाही. समोरून घातली की आतली पाती फाकते आणि नंतर कधीतरी त्या वायरचा संपर्क सुटतो. बीप वाजला तरी लगेच सोलायला घ्यायचं नाही. बॅटरी आणि छताचा दिवा पुन्हा जोडून दार उघड-बंद करायचं आणि त्याच वायरवर ०.१ आणि १२.४ दिसतात का ते पाहायचं. दिसले, म्हणजे हीच.

जोड देताना मूळ वायर कापली नाही. बॅटरीची मायनस पुन्हा काढून कनेक्टरपासून चार बोटं लांब ८ मिलिमीटर आवरण सोललं, आपली वायर गुंडाळली, सोल्डर केलं आणि वर कापडी टेप. दाबून बसवायचे निळे-लाल टी-टॅप टाळले. ०.५ च्या वायरवर ते बारीक तारा तोडतात आणि वर्षभराने खडखडत्या रस्त्यावर संपर्क सोडतात. मग दोष शोधत बसावं लागतं.

चारही पट्ट्या जोडल्या. दार उघडल्यावर पेटल्या, लावल्यावर छताच्या दिव्यासारख्याच मऊ विझल्या. छताच्या दिव्याचं बटण ‘चालू’वर ठेवलं तर फूटवेल पेटत नाहीत, हे बरोबरच आहे. तेव्हा दिवा बटणातूनच अर्थ (बॉडीची मायनस) घेतो, बीसीएमकडून नाही.

२६ एप्रिल, शनिवार. पट्ट्या पडल्या

दुपारचं तापमान चाळिशीच्या आसपास, गाडी उन्हात. पुढच्या दोन्ही पट्ट्या स्वतःच्या चिकटपट्टीवर होत्या. डावी पूर्ण लोंबत होती, उजवी अर्धी. उजवी म्हणजे ब्रेक आणि क्लचच्या डोक्यावर. पेडलमध्ये लोंबणारी वायर हा थट्टेचा विषय नाही. उजवी बाजू लगेच कनेक्टरमधून काढून ठेवली.

डॅशबोर्डखालचं प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन, शिवाय खरबरीत. त्यावर चांगली टेपही धरत नाही. स्पिरिटने पुसलं तरी फारसा फरक पडत नाही. त्यासाठी प्रायमर लागतो. पण ड्रायव्हरच्या बाजूला नुसत्या चिकटपट्टीवर काहीही टांगू नये, असंच आता मत आहे.

२७ एप्रिल, रविवार. चॅनल आणि मागची बाजू

दुधी झाकणाचं ॲल्युमिनियम चॅनल, एक मीटर, १४० रुपये. २५, २५, २०, २० असे तुकडे कापले. उरलेल्या १० सेंटिमीटरमधून दोन आधारपट्ट्या केल्या. कापलेली कड कानशीने घासली, नाहीतर तीच वायर सोलते. पट्टी चॅनलच्या आत बसवली. गुळगुळीत ॲल्युमिनियमवर तिची चिकटपट्टी घट्ट धरते. टोकाचं सोल्डर चॅनलला टेकू नये म्हणून तिथे हीट श्रिंक. चॅनल डॅशबोर्डखालच्या मूळ धातूच्या ब्रॅकेटला प्रत्येकी दोन केबल टायनी बांधलं, टेप कुठेही नाही.

जागा: डॅशबोर्डच्या खालच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटर आत, तोंड जमिनीकडे आणि किंचित मागे. कडेलाच लावलं की सीटवर बसल्यावर एलईडीचे ठिपके डोळ्यांत येतात आणि रात्री समोरच्या काचेत प्रतिबिंब पडतं. बसवून झाल्यावर क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून पाहिले, बुटासकट आणि पाय तिरपा घालूनही. स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवलं. पेडलच्या वाटेत हात घालून कुठलीही वायर बोटाला लागता कामा नये.

मागच्या पट्ट्या पुढच्या सीटांच्या मागच्या आडव्या नळीखाली. इथे गोष्ट वेगळी आहे, कारण सीट सरकते. पहिल्यांदा वायर नुसती कार्पेटखालून वर काढली होती. ड्रायव्हरची सीट मागे घेताना ती रुळात सापडली, लाल वायर सोलली गेली आणि २ अँपिअरचा फ्यूज उडाला. छताचा दिवा, घड्याळ, रेडिओ शाबूत राहिले. टॅपमध्ये हाताशी होता म्हणून १० अँपिअरचा फ्यूज घातला असता तर ही बारीक वायर आधी तापली असती.

आता वायर विणलेल्या स्लीव्हमधून, सीट पूर्ण पुढे असतानाच्या लांबीपेक्षा एक वीत जास्त. एक टाय जमिनीकडच्या कार्पेटच्या चिरेपाशी, एक सीटच्या नळीला, आणि मधला झोल मागच्या बाजूला, रुळापासून दूर. सीट दोन्ही टोकांपर्यंत सरकवून खाली टॉर्चने पाहायचं. सीटखाली पिवळा कनेक्टर असेल तर आपला टाय त्या हार्नेसला बांधायचा नाही.

त्याच दिवशी छताचा १० वॅटचा बल्ब काढून एलईडी घातला, बीसीएमवरचा बोजा कमी करावा म्हणून. रात्री दारं बंद, गाडी लॉक, आणि फूटवेल काजव्यासारखे मिणमिणताहेत.

१ मे, गुरुवार. मिणमिण

कारण बीसीएमचं आउटपुट बंद असतानाही थोडा करंट गळतो. साधा बल्ब असताना तो गळता करंट बल्बच्या तारेतून निघून जात होता, पट्ट्यांवर व्होल्टेजच येत नव्हतं. बल्ब गेला आणि ती वाट बंद झाली. बल्ब तसाच असेल आणि छताचं बटण ‘बंद’वर ठेवलं तरी हेच होईल.

उपाय: पट्ट्यांच्या सामाईक प्लस आणि मायनसमध्ये १ किलोओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर. दोन मिलिअँपिअर गळत असले तरी त्यावर दोनच व्होल्ट पडतात. पट्टीला उजेड दाखवायला सात-साडेसात लागतात. मिणमिण पूर्ण थांबली. दार उघडं असताना हा रेझिस्टर १२ ते १४ मिलिअँपिअर घेतो, ते चालतं.

३ आणि ४ मे. पार्किंग लाइटबरोबर अंधुक उजेड

पट्ट्यांची प्लस कायम आहे, म्हणून ही दुसरी सोयही मायनस बाजूनेच केली. झीरो पीसीबीवर:

- पट्ट्यांच्या सामाईक मायनसपासून बीसीएमच्या वायरकडे १एन४००७ डायोड, पट्टा बीसीएमच्या बाजूला
- त्याच सामाईक मायनसपासून २२० ओहम, अर्धा वॅट, बीसी५४७ च्या कलेक्टरला. एमिटर बॉडी अर्थला
- बेसला ४.७ किलोओहममधून पार्किंग लाइटची प्लस. बेस आणि अर्थमध्ये १० किलोओहम

बीसी५४७ ची सपाट बाजू समोर आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.

डायोडविना आधी लावून पाहिलं. पार्किंग लाइट लावताच छतातला एलईडी अंधुक पेटला, कारण ट्रान्झिस्टर त्याचीही मायनस ओढतो. कोणी छताच्या दिव्याऐवजी दाराच्या स्विचची वायर वापरली असेल, तर बीसीएमला दार उघडं असल्याचा भास होण्याचीही शक्यता आहे. डायोड टाकला की दोन्ही वाटा वेगळ्या.

पार्किंगची प्लस स्टीरिओच्या मागून घेतली. बाहेरून बसवलेल्या स्टीरिओच्या हार्नेसमध्ये इल्युमिनेशनची वायर सहसा नारिंगी असते, पण इथेही पार्किंग लाइट लावून-काढून मीटरने खात्री करावी. तिच्यातून आपण जेमतेम तीन मिलिअँपिअर घेतो, त्यामुळे मूळ दिव्यांच्या सर्किटवर काहीच ताण नाही. अर्थ मात्र स्टीरिओच्या काळ्या वायरवर न घेता किक पॅनलमागच्या (पायाशेजारच्या बाजूच्या प्लास्टिकमागच्या) बोल्टला, लग दाबून, खालचा रंग खरवडून.

अंधुक अवस्थेत एका तुकड्यातून सुमारे एक मिलिअँपिअर जातो. आकडा हास्यास्पद वाटतो, पण काळोख्या रस्त्यावर तेवढाच हवा. सुरुवातीला १०० ओहम होता. समोरच्या काचेच्या खालच्या कडेला फिकट पट्टा दिसत होता, म्हणून २२०.

डायोड ०.७ व्होल्ट खातो, त्यामुळे दार उघडल्यावरचा उजेड थोडा उतरला. शेवटचे आकडे: इंजिन बंद असताना सगळं मिळून ०.१३ अँपिअर, चालू असताना ०.२१.

पीसीबी हीट श्रिंकमध्ये घालून स्टीरिओखालच्या हार्नेसला दोन टायनी बांधली. सुटी ठेवली की खडखडते, आणि तो आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही.

१० मे, शनिवार. बॅटरीची गळती

बोनेट उघडं, ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्याची कडी स्क्रू ड्रायव्हरने बंद केली, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटतं. मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर, बॅटरीच्या मायनससोबत सीरिजमध्ये. वीस मिनिटांनी बीसीएम झोपल्यावर २२ मिलिअँपिअर. आपला फ्यूज काढूनही २२. म्हणजे आपली गळती मीटरवर दिसण्याइतकीही नाही. मीटर असा लावलेला असताना स्टार्टर मारायचा नाही, मीटरचा फ्यूज तत्काळ जातो. मोजून झाल्यावर कडी हॅन्डलने सोडवायला विसरू नका, ती तशीच ठेवून दार आपटलं की लॉक वाकतं.

हिशेब

वापरलेलं सामान: पट्टी २८०, चॅनल १४०, वायर १२०, टॅप ९०, फ्यूज २०, बारीकसारीक भाग ३०, कापडी टेप १८०, हीट श्रिंक ४०, कनेक्टर ७५, सिलिकॉन १६०. एकूण १,१३५ रुपये. वाया गेलेलं: कन्व्हर्टर ८० आणि चुकीचा टॅप ९०. पाच मीटरच्या पट्टीतली ९० सेंटिमीटर लागली. सुटी मीटरवर मिळाली तर तशीच घ्यावी. सर्वात जास्त वेळ बीसीएमची वायर शोधण्यात आणि प्लास्टिकच्या क्लिपा न मोडता काढण्यात गेला.

१५ जून, रविवार. पाऊस

यंदा पाऊस मेअखेरीसच आला. मागच्या मॅट आठवडाभर ओल्या होत्या. पुढे सगळं कोरडं. मागे डाव्या बाजूच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज धरलेला, कारण कनेक्टर कार्पेटच्या चिरेतच होता आणि बुटांचं पाणी तिथेच झिरपतं. पट्टी चालू होती, पण त्या पिनांवरच ०.४ व्होल्ट पडत होते.

कनेक्टर कापून नवीन लावला, आता सीटच्या नळीपाशी, जमिनीपासून वीतभर वर. चिरेतून फक्त अखंड वायर जाते. मागच्या दोन्ही पट्ट्यांच्या टोकांना गोंदाचा थर असलेलं हीट श्रिंक घातलं. पट्टीच सिलिकॉनच्या थराची घ्यायला हवी होती का? मागे, हो. पुढे नको, तो थर उष्णतेने पिवळा पडतो आणि सोल्डरसाठी खरवडताना हमखास तांबं निघतं.

६ जुलै, रविवार

चारही पट्ट्या चालू. टाय घट्ट, पेडलची वाट मोकळी. उजव्या मागच्या कनेक्टरवर अजून हिरवं नाही, तरी तोही वर घ्यायचा आहे. दुधी झाकणाच्या आत धूळ साचली आहे, झाकण सरकवून कोरड्या ब्रशने निघते. ओल्या फडक्याने पुसू नये, पाणी चॅनलमध्ये उतरतं.